मापाचं माप कोण घेणार? शुद्ध सूर, दिवा आणि रेझिस्टर



आजचा विषय वाचून काहींनी मला दारातच विचारलं, “सर, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलंत. ऑसिलेटर आणि रेझिस्टर यांच्याशी तुमचा काय संबंध?” प्रश्न रास्त आहे. संबंध असा की, आपल्याकडे प्रमाणशास्त्रात एक फार जुना वाद आहे. ज्या साधनाने आपण जग पारखतो ते साधन कोणी पारखायचं? आणि त्या पारखणाऱ्याला कोणी? हा वाद ग्रंथांमधून आपण वाचतो. पण विसाव्या शतकात काही इंजिनिअर मंडळींना तोच वाद टेबलावर, हातात सोल्डरिंग आयर्न घेऊन, सोडवावा लागला. त्यांनी तो कसा सोडवला, याचा इतिहास आज सांगायचा आहे.

अडचण काय होती ते आधी समजून घेऊ. समजा, तुमच्याकडे एक अॅम्प्लिफायर आहे. तो आवाज मोठा करतो हे ठीक, पण मोठा करताना बिघडवतो का, हे तपासायचं आहे. मग तुम्ही काय करणार? एक अगदी स्वच्छ सूर आत घालणार आणि बाहेर काय येतं ते बघणार. बाहेर काही जास्तीचं आलं, तर ते अॅम्प्लिफायरने घातलं असं म्हणणार. पण थांबा. आत घातलेला सूर स्वच्छ होता कशावरून? तो स्वच्छ नसेल तर तुम्ही निर्दोष यंत्राला दोषी ठरवाल. किंवा त्याहून वाईट, परीक्षकाचाच दोष मोठा असल्यामुळे यंत्राचा खरा दोष त्याच्याखाली झाकला जाईल. न्याय चुकायचे हे दोन प्रकार आहेत, आणि दोन्हीचं मूळ एकच, अशुद्ध परीक्षक.

स्वच्छ सूर म्हणजे काय? इथे आपल्याला तंबोरा उपयोगी पडेल. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात, म्हणजे तार आणि घोडी यांचा स्पर्श असा जुळवतात की एका तारेतून अनेक सूर फुटावेत. समजा, तार सेकंदाला १०० वेळा कंप पावते आहे. तिच्याबरोबर २००, ३००, ४००, ५०० अशी कंपनंही ऐकू येतात. पहिल्या स्वराला षड्ज धरलं तर तिप्पट कंपनांचा स्वर हा वरच्या सप्तकातला पंचम. पाचपट कंपनांचा गंधार, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तंबोऱ्यात हे वैभव आहे. पण परीक्षेसाठी लागणारा सूर याच्या नेमका उलट हवा. त्यात षड्ज म्हणजे फक्त षड्ज. ना पंचम, ना गंधार. मूळ सुरात नसलेले उपस्वर यंत्राने पदरचे घालणं, यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. तेव्हा आजच्या गोष्टीतला खलनायक लक्षात ठेवा, तिप्पट कंपनांचा पंचम. तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

आता इतिहास. १८९१ मध्ये माक्स वीन या जर्मन पदार्थवैज्ञानिकाने एक मंडल मांडलं, ज्याला आज वीन ब्रिज म्हणतात. नोबेल मिळालेले विल्हेल्म वीन हे त्याचे चुलत भाऊ; नावात गल्लत नको. या मंडलात दोन रेझिस्टर आणि दोन कपॅसिटर असे जोडलेले असतात की एका ठरावीक कंपनसंख्येला बाहेर येणारा विद्युतदाब आत घातलेल्याच्या बरोबर एक तृतीयांश असतो, आणि दोघांची लय तंतोतंत जुळलेली असते. बाकी सगळ्या कंपनसंख्यांना लय मागेपुढे होते. १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १६ नॅनोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर ही कंपनसंख्या साधारण १००० हर्ट्झ येते. वीनने हे मंडल मोजमापासाठी केलं होतं. त्याच्या काळी अॅम्प्लिफायर नव्हताच, त्यामुळे यातून ऑसिलेटर करता येईल हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहण्याचं कारण नव्हतं.

अॅम्प्लिफायर आल्यावर मात्र वाट मोकळी झाली. वीनचं मंडल एक तृतीयांश करतं, तर अॅम्प्लिफायरने तिप्पट करायचं. एक तृतीयांश गुणिले तीन म्हणजे एक. सूर फिरत राहतो, आपोआप चालू राहतो. कागदावर किती सोपं! पण ही तिप्पट अगदी तंतोतंत तिप्पट हवी. किंचित कमी पडली तर सूर हळूहळू मरतो. किंचित जास्त झाली तर वाढत वाढत अॅम्प्लिफायरच्या मर्यादेला जाऊन धडकतो. लाटेचे माथे सपाट होतात, आणि लाट सपाट झाली की आपला पंचम हजर. मुद्दा कळला ना? नेमकं तीन हा आकडा कोणत्याही कारागिराला कायमचा जुळवून ठेवता येत नाही. हवा तापते, व्हॅक्यूम ट्यूब म्हातारी होते, आकडा हलतो.

म्हणून १९३० च्या दशकापर्यंत लोक आडवाटेने जात. दोन रेडिओ कंपनांचे ऑसिलेटर एकत्र करून त्यांच्यातल्या फरकाचा सूर काढत. ही यंत्रं महाग होती, आणि दोघांपैकी एक जरा सरकला की सूर भरकटायचा. दुसरी वाट कॉइल आणि कपॅसिटरची. पण २० हर्ट्झसारख्या खर्जाला कॉइल अवजड लागते. शिवाय तिथे कंपनसंख्या दहापट करायची तर कपॅसिटर शंभरपट बदलावा लागतो. वीनच्या मंडलात मात्र कपॅसिटर दहापट बदलला की कंपनसंख्याही दहापट बदलते. फायदा सगळ्यांना दिसत होता. अडत होतं ते त्या तीन आकड्यापाशी.

कोडं सुटायला तीन माणसं लागली. पहिला हॅरॉल्ड ब्लॅक. बेल लॅबोरेटरीजमधला हा इंजिनिअर २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी फेरीबोटीने हडसन नदी ओलांडून कामावर चालला होता, तेव्हा त्याला ऋण फीडबॅकची कल्पना सुचली आणि हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर त्याने ती उतरवली. कल्पना अशी की, बाहेर आलेल्या सुराचा थोडा भाग उलटा करून परत आत घालायचा. वाढ कमी होते, पण ती आता ट्यूबच्या लहरीवर चालत नाही. ती फक्त दोन रेझिस्टरांच्या गुणोत्तरावर ठरते. हे वाक्य महत्त्वाचं आहे. या क्षणी विश्वासाचा भार ट्यूबवरून उचलून रेझिस्टरवर ठेवला गेला. रेझिस्टर प्रामाणिक असेल तर यंत्र प्रामाणिक. पुढचा सगळा इतिहास या एका स्थलांतराचा परिणाम आहे.

दुसरा मीचम, तोही बेल लॅबोरेटरीजचा. १९३८ मध्ये त्याने स्फटिकाच्या ऑसिलेटरमध्ये, ब्रिजच्या एका भुजेत, चक्क एक छोटा दिवा बसवला. आणि तिसरा विल्यम ह्यूलेट, स्टॅनफर्डचा विद्यार्थी. १९३९ च्या आपल्या प्रबंधात त्याने वीनचं मंडल, ब्लॅकचा फीडबॅक आणि दिवा ही तिन्ही एका जागी आणली.

दिवा काय करतो? दिव्यातली टंगस्टनची तार तापली की तिचा रोध वाढतो. पूर्ण उजळलेल्या दिव्याचा रोध थंड असतानाच्या साधारण दहापट असतो. ह्यूलेटने हा दिवा फीडबॅकच्या त्या दोन रेझिस्टरांपैकी एकाच्या जागी घातला. सूर वाढला की दिवा तापतो, रोध वाढतो, अॅम्प्लिफायरची वाढ खाली येते. सूर पडला की दिवा निवतो आणि वाढ पुन्हा वर जाते. तीन हा आकडा कोणी जुळवायचाच नाही. दिवाच तो सतत जुळवत बसतो. दूध उतू जायला लागलं की आपण आच कमी करतो आणि खाली बसलं की वाढवतो, तसं. आणि हा दिवा इतका मंद चालतो की बहुधा तो पेटलेला दिसतही नाही. प्रकाशासाठी तो तिथे नसतोच.

पुढची कथा बऱ्याच जणांना ठाऊक असेल. ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकर्ड यांनी १९३९ च्या सुरुवातीला पालो आल्टोमधल्या एका घराच्या गॅरेजमध्ये भागीदारी सुरू केली, ५३८ डॉलर भांडवलावर. पहिल्या ऑसिलेटरला नाव दिलं २००ए, म्हणजे कंपनी नवखी वाटू नये. किंमत ५४ डॉलर ४० सेंट. त्याचा सुधारलेला भाऊ २००बी, याचे आठ नग प्रत्येकी ७१ डॉलर ५० सेंटना वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने घेतले, ‘फँटेसिया’ या चित्रपटाची ध्वनिव्यवस्था तपासण्यासाठी. चित्रपट नोव्हेंबर १९४० मध्ये न्यूयॉर्कला लागला. व्यापाराच्या इतिहासात ही कथा इथे संपते. आपली इथून सुरू होते.

कारण आता तत्त्वज्ञानाच्या माणसाने विचारायलाच हवं असं एक कोडं पुढे आहे. शुद्ध सुरासाठी सगळं सरळ हवं. रेझिस्टर सरळ म्हणजे काय? विद्युतदाब दुप्पट केला की प्रवाह दुप्पट, तिप्पट केला की तिप्पट. ओहमने १८२७ मध्ये सांगितलेला नियम. दाब आणि प्रवाह यांचा आलेख सरळ रेघ असतो म्हणून त्याला ‘लिनिअर’ म्हणायचं. पण दिवा तर उघड उघड वाकडा आहे! त्याचा रोध प्रवाहाबरोबर बदलतो. मग इतका स्वच्छ सूर एका वाकड्या वस्तूच्या आधाराने कसा उभा राहिला?

उत्तर आहे संथपणात. दिव्याच्या तारेला तापायला आणि निवायला वेळ लागतो. १००० हर्ट्झच्या सुरात लाट सेकंदाला हजार वेळा वरखाली होते. दिव्याला या धावपळीचा पत्ताच नसतो. त्याला फक्त सरासरी ऊब जाणवते. एका लाटेपुरतं पाहिलं तर दिवा अगदी सरळ रेझिस्टरासारखा वागतो. शेकडो लाटांच्या हिशेबात पाहिलं तरच तो वाकतो. वाकडेपणा आहे, पण तो लाटेच्या वेळेत नाही.

आता खर्जात या. २० हर्ट्झ. लाट संथ झाली. प्रवाह एका दिशेने शिखराला जातो तेव्हा उष्णता निर्माण होते, उलट दिशेने शिखराला जातो तेव्हाही होते. म्हणजे एका लाटेत दोन वेळा ऊब, सेकंदाला ४० वेळा. दिव्याला आता ती थोडी थोडी जाणवू लागते. रोध ४० च्या लयीत हलतो, प्रवाह २० च्या लयीत चाललेला असतो, आणि दोघांच्या गुणाकारातून ६० चा सूर निघतो. साठ म्हणजे विसाची तिप्पट. आला आपला पंचम! दिव्याच्या ऑसिलेटरांचं डिस्टॉर्शन खर्जात वाढतं, त्याचं एक मोठं कारण हेच.

मग दिवा आणखी संथ करावा? करता येतो, पण मग तो सावरायलाही तितकाच वेळ घेतो. कंपनसंख्या बदलली की सूर बराच वेळ हेलकावे खात राहतो. ह्यूलेट-पॅकर्डमधल्याच बार्नी ऑलिव्हर यांनी १९६० मध्ये याचं गणित मांडलं आणि एक नवल दाखवून दिलं. अॅम्प्लिफायर जर परिपूर्ण सरळ असेल तर दिव्याचं नियंत्रण डळमळीत राहतं. त्याला स्थिर व्हायला अॅम्प्लिफायरचा किंचित वाकडेपणा मदत करतो. संपूर्ण निर्दोष व्यवस्था स्वतःला सावरू शकत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो होतो. नीतिशास्त्राच्या वर्गात सांगावं असं वाक्य आहे हे. असो.

आता रेझिस्टरकडे वळू, कारण आजच्या विषयाचा गाभा तिथे आहे. ह्यूलेटच्या काळी ऑसिलेटरचं डिस्टॉर्शन एका टक्क्याच्या घरात असलं तरी चालत होतं. शंभरात एक. त्या मापाला सगळेच रेझिस्टर सरळ. पण अॅम्प्लिफायर सुधारत गेले. हजारात एक, दहा हजारांत एक, लाखात एक. अपेक्षा अशी वाढत गेली तसा एकेक साक्षीदार फुटू लागला. कालपर्यंत निर्दोष असलेला रेझिस्टर आज संशयित झाला.

जुन्या रेडिओत तपकिरी दंडगोलासारखे, रंगीत पट्ट्यांचे कार्बनचे रेझिस्टर असत. आत कार्बनची भुकटी, मातीसारख्या किंवा राळेसारख्या पदार्थात मिसळून दाबलेली. प्रवाह एका कणावरून दुसऱ्या कणावर उड्या मारत जातो. लाखो सैल स्पर्श. दाब वाढला की या स्पर्शांचा रोध बदलतो. म्हणजे वस्तू स्वभावानेच वाकडी, आणि तापमानाने बदलणारीही. आज मोबाइलमध्ये भरलेले स्वस्त, चपटे ‘थिक फिल्म’ रेझिस्टरही वंशाने याच घराण्यातले. तिथे काचेत धातूच्या ऑक्साइडचे कण असतात. याउलट धातूचा पातळ थर दिलेला ‘मेटल फिल्म’ रेझिस्टर किंवा मँगनीनसारख्या मिश्रधातूच्या तारेचा रेझिस्टर. तिथे धातू सलग असतो, कणांच्या उड्या नसतात.

मग मेटल फिल्म घेतला म्हणजे सुटलो? नाही. इथे दिवा परत येतो. छोट्या मेटल फिल्म रेझिस्टरचा रोध एका अंशाला, समजा, दशलक्षात ५० भाग बदलतो. २० हर्ट्झच्या लाटेबरोबर त्याचा पातळ थर अंशाचा फक्त दहावा भाग वरखाली तापतो आहे असं धरा. तर रोध दशलक्षात ५ भाग हलेल. त्यातून निघणारा पंचम त्याच्या निम्मा, दशलक्षात अडीच भाग. ऐकायला काहीच नाही. पण दशलक्षात तीन भाग एवढ्या स्वच्छतेचा ऑसिलेटर करायचा असेल तर सगळी पुंजी या एकट्या रेझिस्टरनेच खाल्ली!

थोडक्यात, प्रत्येक रेझिस्टर हा एक अगदी मिणमिणता दिवा आहे. ह्यूलेटने जो गुण मुद्दाम वापरला, तोच गुण अवगुण होऊन मंडलातल्या प्रत्येक कोपऱ्यात बसलेला आहे. फरक दोनच, किती आणि किती वेगाने. दिवा खूप बदलतो पण संथपणे. छोटा रेझिस्टर थोडाच बदलतो पण चटकन. म्हणून उपायही त्याच समजुतीतून निघतात. रेझिस्टर अंगाने मोठा घ्या, तो सावकाश तापेल. एकाऐवजी दहा ओळीने जोडा, प्रत्येकाच्या वाट्याला दाबही दहावा आणि उष्णताही दहावी. आणि तापमानाने कमीत कमी बदलणारा निवडा.

हा शेवटचा उपाय टोकाला नेणारा माणूस म्हणजे फेलिक्स झँडमन. तेव्हाच्या पोलंडमधल्या ग्रोड्नोचा ज्यू मुलगा. दुसऱ्या महायुद्धात एका पोलिश कुटुंबाने त्याला आणि आणखी काही जणांना घराच्या फरशीखालच्या खड्ड्यात सतरा महिने लपवलं. त्या अंधारात त्याच्या मामा-काकांपैकी एकाने त्याला गणित शिकवलं, वही-पेन्सिलशिवाय. युद्धानंतर पॅरिसला पदार्थविज्ञानात डॉक्टरेट, मग अमेरिका. त्याचा विषय होता पदार्थांवरचे ताण. १९६२ मध्ये त्याने सुरू केलेल्या कंपनीला नाव दिलं व्हिशे, लिथुआनियातल्या एका गावाचं, जिथले त्याचे नातेवाईक त्या संहारात मारले गेले. त्याचा रेझिस्टर असा. धातूचा पातळ पत्रा सिरॅमिकच्या पाटीवर चिकटवायचा. तापल्यावर पत्र्याचा रोध वाढू पाहतो. पण सिरॅमिक धातूइतकं प्रसरण पावत नाही, त्यामुळे पत्रा दाबला जातो, आणि दाबल्याने रोध कमी होतो. दोन बदल एकमेकांना फेडतात. उरतो तो एका अंशाला दशलक्षात एक-दोन भाग किंवा त्याहून कमी. पहा, इथेही निर्दोष पदार्थ सापडलेला नाही. दोन दोष समोरासमोर बसवले आहेत.

आता मूळ प्रश्नाला हात घालू. एखादा रेझिस्टर दशलक्षात एक भाग वाकडा आहे हे कळणार कसं? त्याच्यातून शुद्ध सूर पाठवायचा आणि पंचम येतो का ते बघायचं. पण सूर स्वतःच दशलक्षात तीन भाग अशुद्ध असेल तर? आणि तो सूर ज्या मंडलातून आला त्यातही रेझिस्टरच आहेत! याला आपले लोक ‘अनवस्था’ म्हणतात. ‘विग्रहव्यावर्तनी’मध्ये नागार्जुनाने नैयायिकांना नेमकं इथेच पकडलं होतं. तुमची प्रमाणं दुसऱ्या प्रमाणांनी सिद्ध होत असतील तर ही साखळी थांबणार कुठे? आणि प्रमाणाशिवायच सिद्ध होत असतील तर तुमचा सिद्धान्तच बुडाला.

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आणि वात्स्यायनाच्या भाष्यात या पेचाची चर्चा आहे. तिथे दोन दृष्टान्त आहेत, आणि योगायोग बघा, एक दिव्याचा आहे आणि दुसरा तराजूचा. मला तराजूचा जास्त मोलाचा वाटतो. तराजूने सोनं तोलतो तेव्हा तराजू प्रमाण असतो आणि सोनं प्रमेय, म्हणजे मोजायची वस्तू. पण तराजूबद्दलच शंका आली तर? तर वजन ठाऊक असलेल्या सोन्याने तराजू तपासतो. भूमिका उलटल्या. प्रमाण असणं ही वस्तूची जात नव्हे, ती त्या प्रसंगातली भूमिका आहे. कायमचा परीक्षक कोणीच नाही.

इंजिनिअरांनी हेच केलं, न्यायसूत्र न वाचता. पद्धत अशी. रेझिस्टरांच्या दोन जोड्या घ्या आणि दोघींना एकच सूर द्या. प्रत्येक जोडी सुराचे दोन वाटे करते. दोन्हींच्या मधल्या बिंदूंमधला फरक बघा. सुरात मुळातच असलेली अशुद्धता दोन्ही जोड्यांत सारखीच वाटली जाते, म्हणून फरकात ती नाहीशी होते. जो पंचम उरेल तो रेझिस्टरांनी घातलेला. मग संशयित रेझिस्टर वरच्या जागेवरून खालच्या जागेवर ठेवा. उरलेला पंचम उलटला तर दोष त्याचा. उलटला नाही तर दोष तुमच्या मोजणाऱ्या यंत्राचा. आपल्याकडे जुना सराफ पारडी बदलून तोलायचा, पासंग उघडा पाडायला. तीच युक्ती. परीक्षक शुद्ध नसतानाही त्याच्यापेक्षा शुद्ध वस्तू पारखता येते, ती अशी.

पण यात एक सापळा आहे, तोही सांगितला पाहिजे. चारही रेझिस्टर एकाच कारखान्यातले, एकाच घाण्याचे असतील तर? तर चौघेही सारखेच वाकतील, फरक शून्य येईल, आणि आपण म्हणू, वा, निर्दोष! चार खोटे साक्षीदार एकच गोष्ट घोकून आले तर न्यायाधीशाला ती खरीच वाटणार. म्हणून तुलनेला वेगळ्या जातीचा रेझिस्टर हवा. एक तारेचा, एक फिल्मचा, एक दहा जणांची ओळ करून केलेला. वेगवेगळ्या कारणांनी चुकू शकणारे साक्षीदार एकच सांगतात, तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवायला आधार असतो.

या परीक्षेचं व्यापारी रूपही आलं. १९६० च्या दशकात डेन्मार्कच्या रेडिओमीटर कंपनीने एक यंत्र काढलं, जे रेझिस्टरमध्ये १० किलोहर्ट्झचा सूर घालतं आणि ३० किलोहर्ट्झला किती पंचम निघतो ते मोजतं. गंमत अशी की, त्याने नुसता पदार्थाचा स्वभावच नव्हे, तर टोकाची सैल टोपी, चिरलेला थर, असे लपलेले दोषही सापडू लागले. वाकडेपणा हा येणाऱ्या बिघाडाचा निरोप असतो. १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने, म्हणजे आयईसीने, रेझिस्टरचा वाकडेपणा मोजण्याची पद्धत प्रमाणित केली.

आणि ह्यूलेटच्या मंडलाचं पुढे काय झालं? ते संपलं नाही. लिनिअर टेक्नॉलॉजी कंपनीतल्या जिम विल्यम्स यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका टिपणात तेच वीन ब्रिज पुन्हा हातात घेतलं. पायरीपायरीने एकेक दोष शोधला आणि काढला. दिव्याच्या जागी प्रकाशाने रोध बदलणारा घटक आणला. अॅम्प्लिफायरच्या दोन्ही तोंडांवर एकाच वेळी हलणारा दाब हा एक लपलेला गुन्हेगार होता, त्यालाही दुसरा अॅम्प्लिफायर लावून गप्प केलं. शेवटी डिस्टॉर्शन ०.०००३ टक्के, म्हणजे दशलक्षात तीन भाग. एका टक्क्यापासून इथपर्यंत, पन्नास वर्षांत तीन हजारपटीहून अधिक. मंडलाची कल्पना मात्र तीच.

मला यातून काय घ्यावंसं वाटतं ते सांगून थांबतो. आपल्याला असं वाटतं की प्रामाण्यासाठी कुठेतरी एक परमशुद्ध वस्तू असली पाहिजे, तिच्याशी बाकी सगळं ताडून बघायचं. या इतिहासात अशी वस्तू एकदाही सापडत नाही. वाकडा दिवा आहे, पण त्याचा वाकडेपणा लाटेच्या वेळेबाहेर ठेवला आहे. दोन दोष आहेत, पण समोरासमोर बसवले आहेत. अशुद्ध सूर आहे, पण पारडी बदलून त्याची अशुद्धता वजा केली आहे. शुद्धता ही वस्तूत नव्हती, रचनेत होती. आणि ती टिकते तोपर्यंतच, जोपर्यंत रचनेतल्या प्रत्येक घटकाला कधीतरी प्रमेय व्हावं लागतं. ज्याची परीक्षा घ्यायची सोयच ठेवलेली नाही अशा परीक्षकापासून जपून राहावं. हे मी फक्त रेझिस्टरबद्दल म्हणत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : दशलक्षात तीन भाग डिस्टॉर्शन माणसाच्या कानाला ऐकू तरी येतं का? मग एवढा खटाटोप कशाला?

उत्तर : कानासाठी नाहीच. गवंड्याची ओळंबी घर बांधताना लागते, राहताना नाही. दहा हजारांत एक भाग दोष मोजायचा तर मोजणारा त्याच्या निदान दहापट स्वच्छ हवा. शिवाय एका साखळीत दहा-वीस यंत्रं असतात, प्रत्येकाचा छोटा दोष पुढे साचत जातो. प्रत्येकाला वेगळं तपासायचं तर परीक्षक खूपच स्वच्छ लागतो.

प्रश्न : मी घरी ऑसिलेटर करतो आहे. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात त्यातले कोणते रेझिस्टर घेऊ?

उत्तर : मी विक्रेता नाही, पण आज जे बोललो त्यातून निघेल तेवढं सांगतो. जुने कार्बनचे आणि चपटे थिक फिल्म टाळा. पायांचे मेटल फिल्म घ्या, गरजेपेक्षा मोठ्या वॅटचे. दाब जास्त असेल तिथे एकाऐवजी तीन-चार ओळीने लावा. तिप्पट वाढीसाठी दोन आणि एक असं गुणोत्तर लागतं. दिव्याऐवजी दुसरं नियंत्रण वापरणार असाल तर दुप्पट किमतीचा वेगळा रेझिस्टर न घेता एकाच घाण्याचे तीन सारखे घ्या, दोन ओळीने आणि एक एकटा. तिघांतून प्रवाह तोच, म्हणून तिघे सारखेच तापतात आणि गुणोत्तर हलत नाही. मघाशी सारखेपणा परीक्षेत घातक होता, इथे तो उपकारक आहे. आणि कपॅसिटर विसरू नका. स्वस्त सिरॅमिक कपॅसिटरची धारणाच दाबाबरोबर बदलते, तिथे रेझिस्टरची सगळी मेहनत वाया जाते. पॉलिप्रॉपिलीनचे किंवा पॉलिस्टायरीनचे घ्या. मग दोन जोड्या करून, जागा बदलून, स्वतः मोजून बघा. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. वात्स्यायनानेही प्रवृत्तिसामर्थ्यच सांगितलं आहे. ज्ञानाच्या आधारे काम करायला गेल्यावर ते काम फळलं, तर ते ज्ञान खरं.